झिरकॉन या खनिजाच्या वयावरून खंडांचं कवच कधी वाढलं हे कसं कळतं? आणि कोल्हापुरात झिरकॉन सापडेल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथं मी स्वतः फसलोय. एम.एस्सी.ला असताना पंचगंगेची वाळू घमेल्यात धूत अख्खी सकाळ घालवली. हाती आलं काय, तर चुंबकाला चिकटणारं काळं मॅग्नेटाइट! आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात सिलिका कमी, त्यामुळे झिरकॉन क्वचितच बनतो. (गुजरीच्या सराफ बाजारातला अमेरिकन डायमंड म्हणजे झिरकॉन नव्हे, तो कारखान्यातला झिर्कोनिया.) खंडाचं जुनं कवच या लाव्ह्याखाली दडलंय. कोयनेजवळ रासाटीला बोअर घेतलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर कुठं ग्रॅनाइटी खडक लागला.

आता झिरकॉनचं. हा स्फटिक बनताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळपास घेतच नाही. म्हणजे आज आत सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. त्यातही घड्याळं दोन: युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य (निम्मे अणू बदलायला लागणारा काळ) ४४७ कोटी वर्षं, २३५ चं ७० कोटी. दोन्हींची वेळ जुळली नाही, तर शिसं मध्येच निसटलंय हे कळतं. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला सुमारे ४४० कोटी वर्षांचा कण याच रीतीने सापडला.

पण हे वय स्फटिकाचं, कवचाचं नव्हे. बरेच लोक इथंच गडबडतात. गुऱ्हाळात जुना गूळ पुन्हा काहिलीत वितळवून नवा रवा (ढेप) पाडला, तर रवा आजचा, पण रस गेल्या हंगामातला. तो रस कधी निघाला, म्हणजे प्रावरणातून (कवचाखालच्या थरातून) हा माल कधी वेगळा झाला, ते हाफ्नियम हे मूलद्रव्य सांगतं. ल्युटेशियम-१७६ च्या क्षयातून हाफ्नियम-१७६ तयार होतं. कवचाच्या वाट्याला हाफ्नियमच्या मानाने ल्युटेशियम कमी येतं, म्हणून तिथं हाफ्नियम-१७६ चं प्रमाण प्रावरणापेक्षा सावकाश वाढतं. झिरकॉन जन्मावेळचं प्रमाण जवळपास तसंच जपतो. ते प्रावरणासारखं असेल तर माल ताजा, कमी असेल तर जुनंच कवच पुन्हा वितळलेलं.

जगभरच्या नद्यांच्या वाळूतले असे कण मोजले की २७०, १९० आणि ११० कोटी वर्षांच्या आसपास वयांच्या आलेखात उंचवटे दिसतात. काहींच्या मते तेव्हा कवच झपाट्याने वाढलं. मला दुसरी बाजू जास्त पटते: त्या काळात खंड एकमेकांवर आदळून जोडले गेले आणि मधला माल झिजण्यापासून वाचला. बाजार समितीत आलेले रवे मोजून त्या हंगामात किती गूळ बनला हे ठरवता येत नाही, तसंच हे.