फाइल पुसताना येणारी विचारणा बंद करावी का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. पीकविम्याच्या दिवसांत लोकांचे सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि पेरेपत्रक स्कॅन करून संगणकात शे-दीडशे फायली साठतात. संध्याकाळी त्या एकेक पुसताना संगणक दर वेळी 'ही फाइल रिसायकल बिनमध्ये टाकायची का?' असे विचारतो. ही विचारणा बंद करता येईल का, आणि केल्यास काही धोका आहे का? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बंद करता येते, आणि आपल्या कामाचा व्याप पाहता ती बंद करणेच बरे. डेस्कटॉपवरील रिसायकल बिनच्या चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा, तळाशी असलेल्या 'डिस्प्ले डिलीट कन्फर्मेशन डायलॉग' या ओळीची खूण काढा आणि 'ओके' करा. विंडोज 7 मध्ये ही खूण मुळातच असे. विंडोज 8 पासून ती मुळात नसते.

खूण काढली तरी पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येच जाते. एखाद्याच्या आठ-अवर चुकून बोट पडले, तर लगेच कंट्रोल आणि झेड ही बटणे एकत्र दाबल्यास ती जागेवर परत येते. नंतर लक्षात आले तर बिन उघडून 'रिस्टोअर' करता येते. खरा धोका त्याच खिडकीत, त्या ओळीच्या थोडा वर आहे. तेथे 'डोन्ट मूव्ह फाइल्स टू द रिसायकल बिन' असा पर्याय असतो आणि तो निवडला की फाइल बिनमध्ये न जाता थेट जाते. घाईत नेमका हाच पर्याय निवडला जाण्याची शक्यता असते, म्हणून 'ओके' करण्यापूर्वी तो निवडलेला नाही हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

खूण काढल्यावरही कधी चौकट आलीच, तर तिच्यातील शब्द वाचावेत. 'पर्मनंटली' हा शब्द असेल तर फाइल बिनमध्ये जाणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. शिफ्ट दाबून डिलीट केले, फाइल बिनमध्ये मावण्यापेक्षा मोठी असली किंवा ती पेनड्राइव्हवर असली, की अशी विचारणा होते. गिऱ्हाइकाने आणलेल्या पेनड्राइव्हवरून काही पुसायचे असेल तर त्याला समोर बसवून, विचारूनच पुसावे, असा माझा आग्रह आहे; त्याच्याकडे दुसरी प्रत असेलच असे नाही.

आपण विचारलेले नाही, पण यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. संध्याकाळी पुसलेली आधार कार्डे बिनमध्ये तशीच पडून असतात आणि आपल्या खुर्चीत बसणारा कोणीही ती परत काढू शकतो. गावाने विश्वासाने दिलेले हे कागद आहेत, तेव्हा अर्जाची पावती निघाल्याची खात्री झाली की बिन रिकामी करण्याचा नेम ठेवावा. विंडोज 10 आणि 11 मध्ये सेटिंग्जमधील 'स्टोरेज सेन्स' चालू करून बिनमधील फायली 1, 14, 30 किंवा 60 दिवसांनी आपोआप जातील असे ठरवता येते. आपल्यासाठी 14 दिवस ठीक वाटतात, कारण अर्जात त्रुटी निघालीच तर ती बहुधा तेवढ्यात कळते आणि शेतकऱ्याला त्याच कागदांसाठी पुन्हा वावरातून बोलावावे लागत नाही.