स्केटबोर्ड, फूटपाथ आणि ‘लायसन नको’वाली स्कूटर

पत्रं वेगवेगळ्या गावांतून येतात, पण सूर एकच: ‘स्केटबोर्डवर बंदी आहे म्हणे, खरं का?’ हे ‘म्हणे’ कुठून आलं, ते कुणीच लिहीत नाही. म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तरं देतो.

स्केटबोर्डला लायसन लागतं का? (पालक, चिपळूण)

नाही.

मग हेल्मेट? (तेच पालक)

कायद्याची हेल्मेटसक्ती मोटरसायकलवाल्यांना आहे. तरीही मुलाला हेल्मेट घाला. जांभ्याच्या गडग्यावर डोकं आपटलं की कलम कुणी विचारत नाही.

रत्नागिरीत फूटपाथवर स्केटबोर्ड चालवला तर दंड होतो का? (कॉलेज विद्यार्थी)

स्केटबोर्डचं नाव घेऊन बंदी घालणारा केंद्राचा कायदा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ हा यंत्राने चालणाऱ्या वाहनांचा आहे. पायाने ढकलायची फळी त्यात बसत नाही. पण म्हणून रान मोकळं, असं समजू नका. फूटपाथ पायी चालणाऱ्यांचा. आपल्याकडे तो म्हणजे गटारावरच्या फरश्या, त्यातली एखादी गायब, आणि उरलेल्या जागेत भाजीवाली. तिथे कुणाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, वाट अडवली तर कलम २८५ आहे आणि त्यात पाच हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली जिल्हादंडाधिकारी रहदारीचे नियम करू शकतात, नगरपरिषदेचे उपविधी असतात ते वेगळेच. तुमच्या रस्त्याला काय लागू आहे, हे वाहतूक शाखेला आणि नगरपरिषदेला लेखी विचारा. दाद मिळाली नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. नाक्यावरच्या पानवाल्याचं मत म्हणजे अधिसूचना नव्हे.

गणपतीत मुंबईहून नातू येतात आणि वाडीतल्या काँक्रीटच्या रस्त्यावर स्केटबोर्ड चालवतात. शेजारी म्हणतात, रस्ता ग्रामपंचायतीचा आहे, बंद करा. (आजोबा, गुहागर)

ग्रामपंचायतीचा रस्ता सगळ्यांचाच, शेजाऱ्यांचाही आणि नातवांचाही. पण तो खेळाचं मैदान नव्हे. सरपंचांशी बोलून वेळ ठरवून घ्या, आणि मिरवणूक असेल तेव्हा फळी घरात ठेवा. उताराच्या रस्त्यावर आणि हायवेवर अजिबात नको.

एसटीच्या मागच्या शिडीला धरून रील काढत होतो. पोलिसाने बोर्ड काढून घेतला. त्याला तसा अधिकार आहे का? (मालवण)

नुसता बोर्डच गेला, हे नशीब समज. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस वस्तू जप्त करू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम १०६ बघ. मात्र जप्तीचा कागद मागायचा हक्क तुला आहे. आईवडिलांना घेऊन ठाण्यात जा, आवाज न चढवता कागद माग. देत नसतील तर वकील गाठ. आणि ते रील आधी कुणाला पाठवू नकोस, तोच तुझ्याविरुद्धचा पुरावा आहे.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. स्केटबोर्डपेक्षा बॅटरीची स्कूटर बरी, असं दुकानदार म्हणतो. लायसन नको, पासिंग नको, विमा नको. घेऊ का? (पालक, सावंतवाडी)

सगळ्यात जास्त धास्ती मला याच प्रश्नाची वाटते, म्हणून सविस्तर सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सवलत आहे, पण ती अटींसकट आहे. मोटरची तीस मिनिटांची पॉवर (सलग अर्धा तास देता येणारी ताकद) ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा, कमी हवी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवं. ब्रेक आणि रिफ्लेक्टर हवेत आणि मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचा दाखला हवा. यातली एक अट मोडली की सवलत संपली.

आता दुकानातली युक्ती ऐका. अनेक स्कूटरमध्ये सीटखालच्या कंट्रोलरमधून एक छोटी जोडवायर बाहेर आलेली असते. ती जोडलेली असेपर्यंत वेगाला लगाम असतो. डिलिव्हरी देताना मेकॅनिक ती सुटी करतो आणि हसून सांगतो, ‘आता पिकअप बघा.’ त्याच क्षणी तुमची ‘लायसन नको’वाली गाडी कायद्याने मोटार वाहन होते. नोंदणी नाही, विमा नाही आणि हँडलवर तेरा वर्षांचं पोर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार यात दोषी पालक ठरतो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, शिवाय मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून, दुकानदार तेव्हा फोनही उचलणार नाही. ब्रोशरवर ‘२५० वॉट’ छापलेलं असतं, त्याला काडीचा अर्थ नाही. त्या मॉडेलचा तपासणी दाखला मागा आणि त्याची प्रत घेऊन आरटीओत दाखवा, मगच पैसे मोजा. ‘दाखला नंतर देतो’ म्हणाला तर दुकानातून उठा. गाडी आधीच घेतली असेल तर बिल जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. मोटर लावलेल्या स्केटबोर्डबद्दलही बरेच जण विचारतात. तो सार्वजनिक रस्त्यावर आणायचाच नाही.

शिमग्यात टेम्पोने धडक दिली आणि मुलाचा पाय मोडला. टेम्पोवाला म्हणतो, पोरगा स्केटबोर्डवर होता, विमा मिळणार नाही. (लांजा)

टेम्पोवाला न्यायाधीश आहे का? मुलाची चूक निघाली तर भरपाई कमी होऊ शकते, पण तो स्केटबोर्डवर होता एवढ्यावरून दावा बुडत नाही. धडक मोटार वाहनाने दिलीय, म्हणजे प्रश्न टेम्पोच्या विम्याचा आहे आणि तो मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर जातो. मला चिंता वेगळीच आहे. अपघात शिमग्यातला, आणि पत्र लिहिताय आषाढात. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत लागू आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्याच्या भरवशावर बसू नका. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने उरलेत. मला दुसरं पत्र लिहू नका. एफआयआरची प्रत, दवाखान्याची बिलं, एक्स-रे आणि टेम्पोचा नंबर घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.