कॉलेजात कोणी बोलावून सांगत नाही

बारावीचा निकाल लागल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे पदवीच्या पहिल्या वर्षाविषयी होती. त्यांतील पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत. उत्तरे लिहिणाऱ्याने जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवण्यात नोकरीची सारी वर्षे घालवली असल्यामुळे उदाहरणे थोडी प्रयोगशाळेकडे झुकतील, याबद्दल कला आणि वाणिज्य शाखेच्या वाचकांनी राग मानू नये.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातील खेड्यातून आले आहे. बारावी विज्ञान शाखेतून झाली, पण आमचे सर सर्व काही मराठीतून समजावून देत असत. आता बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. इंग्रजीतून शिकवलेले मला समजेल का? शिवाय घरी आम्ही अहिराणी बोलतो. वर्गात काही विचारायला उभी राहिले आणि मुले हसली तर काय करावे?

उत्तर : तुझ्या पत्रात दोन निरनिराळ्या काळज्या एकत्र झाल्या आहेत. त्या वेगळ्या केल्यास पहिली बरीच हलकी होईल. आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांत बी.एस्सी.चा तास फळ्यावर इंग्रजीत आणि तोंडाने मराठीत चालतो. प्रश्नपत्रिका इंग्रजीत येते आणि उत्तरेही त्याच भाषेत लिहायची असतात. याचा अर्थ असा की तुला फाडफाड इंग्रजी बोलता येण्याची तूर्त गरज नाही. प्रत्येक विषयातील दोन-तीनशे शब्द आणि ते वापरून लिहिलेली साधी, लहान वाक्ये एवढी शिदोरी पहिल्या सत्राला पुरते. ती मिळवण्यासाठी इंग्रजी संभाषणाच्या क्लासची फी भरण्याऐवजी उद्याच्या तासाची दोन पाने आज संध्याकाळी वाचावीत, अडलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवावेत आणि तास सुरू असताना त्या शब्दांकडे कान ठेवावा. कोश नंतर उघडला तरी चालतो, कारण अर्धे शब्द शिक्षकांच्या बोलण्यातच उलगडतात.

प्रॅक्टिकल हा तर भाषा शिकण्याचा उत्तम तास आहे. पहिल्याच महिन्यात तुझ्या हाती ब्युरेट येईल. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, खाली शंकूपात्रात ऑक्झॅलिक आम्ल आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब असतील. पात्र हलवत थेंब थेंब सोडताना गुलाबी रंग येतो आणि विरतो, पुन्हा येतो आणि पुन्हा विरतो, आणि एका थेंबानंतर फिकट गुलाबी छटा तशीच टिकून राहते. तेथे तोटी बंद करायची. घाई करणाऱ्यांचे द्रावण गडद राणी रंगाचे होते आणि मग ते शेजारच्याचे वाचन आपल्या जर्नलमध्ये उतरवतात. तू तसे करू नकोस. जे पाहिलेस ते त्याच दिवशी जर्नलच्या मागे तीन इंग्रजी वाक्यांत लिही आणि ती वाक्ये शिक्षकांना दाखव. व्याकरण चुकेल, ते सुधारून देतील. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे वाक्य पाठ करावे लागत नाही, हे तुझ्या लक्षात येईल.

आता हसण्याविषयी. माझ्या वर्गात साक्री तालुक्यातला एक मुलगा तासाच्या मधोमध उभा राहून, ‘सर, माले समजनं नही,’ असे म्हणाला होता. वर्ग हसला. मी तो भाग पुन्हा शिकवला, कारण तो खरोखरच माझ्याकडून घाईत उरकला गेला होता, आणि दुसऱ्या वेळी शिकवत असताना हसणाऱ्यांपैकी निम्मे वहीत लिहीत होते. मुले हसतील, हे मी नाकारत नाही. आठवडाभर हसतील. परंतु ज्या कवयित्रीने लेवा गणबोलीत ओव्या रचल्या, जिला लिहिता-वाचता येत नव्हते, त्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला आहे आणि ते तुझ्या गुणपत्रिकेवर छापून येणार आहे, हे हसणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. उत्तरपत्रिकेत आणि तोंडी परीक्षेत प्रमाण भाषा लागते, ती सरावाने येते. शंका मात्र ज्या भाषेत सुचते त्या भाषेत विचारावी.

प्रश्न : प्रवेश अर्जात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे रकाने होते. मित्राने जे भरले तेच मीही भरले. हे काय आहे आणि आता बदल होईल का? (एरंडोल तालुका)

उत्तर : मित्राच्या अर्जावरून आपला अर्ज भरण्याची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी तिने फारसे नुकसान होत नसे, आता होऊ शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमात विषयांचे मोजमाप क्रेडिटमध्ये होते. तात्त्विक विषयाचे एक क्रेडिट म्हणजे सत्रभरातील १५ तास आणि प्रॅक्टिकलचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ अशी ही मांडणी आहे. मेजर म्हणजे ज्या विषयात तुझी पदवी असेल तो मुख्य विषय, आणि मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय. ओपन इलेक्टिव्ह हा आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचा विषय घ्यायचा असतो, म्हणजे वाणिज्यच्या मुलाने इतिहासाचा किंवा विज्ञानाचा. त्यांच्या जोडीला भाषा, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण आणि राष्ट्रीय सेवा योजना किंवा क्रीडा यांसारखे सह-अभ्यासक्रमही असतात.

ओपन इलेक्टिव्ह ‘सोपा कोणता’ असे विचारून निवडला तरी बिघडत नाही, मेजर मात्र तसा निवडू नये. काही अभ्यासक्रमांत मुख्य विषयाची अंतिम निवड पहिल्या वर्षानंतर करता येते आणि काहींत ती प्रवेशाच्या वेळीच होते. तुझ्या विभागात यांपैकी कोणता नियम लागू आहे, हे विभागप्रमुखांना पहिल्याच आठवड्यात विचार. विषय बदलण्यासाठी ठरावीक मुदत असते, तिची सूचना नोटीस बोर्डावर लागते आणि मुदत संपल्यावर केलेला अर्ज सहसा स्वीकारला जात नाही. नोटीस बोर्ड हा शब्द मी जाणून वापरतो आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर सूचना येतातच, पण त्या शुभेच्छांच्या चित्रांखाली दबून जातात. पहिल्या वर्षी मी स्वतः परीक्षा अर्जाची तारीख बोर्डावर वाचली नाही आणि विलंब शुल्कापोटी खानावळीचे पैसे गेले. तो महिना कळण्याची भाकरी आणि ठेचा यांवर निघाला.

क्रेडिट जमा होण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते, म्हणजे आता बारा अंकी ‘अपार’ क्रमांक, लागतो. आधारवरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचाही फरक असला तर तो अडतो. पाटीलच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोठे एक ‘ए’ कमी असतो, कोठे वडिलांच्या नावापुढचा ‘भाऊ’ गळलेला असतो. ही दुरुस्ती आत्ता, गर्दी नसताना करून घे.

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातील कापूस उत्पादक शेतकरी आहे. मुलगा घरातला पहिला कॉलेजला जाणारा. शिष्यवृत्तीसाठी काय तयारी ठेवावी? आणि वेचणीच्या दिवसांत तो आठ दिवस घरी राहिला तर चालेल का?

उत्तर : आपला दुसरा प्रश्न फार थोडे पालक मोकळेपणाने विचारतात. मुले न सांगता गैरहजर राहतात आणि मग महाविद्यालय त्यांना बेफिकीर समजते.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, तर आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी असलेल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ती आठ लाखांपर्यंत आहे. आपण अल्पभूधारक असाल आणि मुलगा वसतिगृहात राहणार असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची पात्रताही तपासून घ्यावी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला ही कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढाव्यात, कारण टी.सी. एकदा महाविद्यालयात जमा झाली की मूळ प्रत सहजासहजी पाहायला मिळत नाही. बँकेतील खाते मुलाच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. अर्ज मंजूर होऊनही पैसे न आलेल्या मुलांची खाती मी जेव्हा जेव्हा तपासायला लावली, तेव्हा बहुतेक वेळा खाते आधारशी जोडलेलेच नव्हते. आणखी एक गोष्ट अशी की सायबर कॅफेवाल्याने अर्ज भरला म्हणजे काम झाले असे समजू नये. तो अर्ज पुढे महाविद्यालयातील क्लार्कने तपासून वर पाठवायचा असतो, म्हणून छापील प्रत कार्यालयात नेऊन देणे आणि पंधरा दिवसांनी ‘आमचा अर्ज पुढे गेला का’ असे विचारणे मुलाला शिकवावे.

वेचणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. पहिले बोंड फुटते तेव्हा पहिले सत्र उतरणीला लागलेले असते, आणि अंतर्गत परीक्षा, जर्नल तपासणी व सत्र परीक्षा याच काळात येतात. मजुरांची टंचाई किती असते हे मी जाणतो, आणि घरच्या मुलाने वेचणीला हात लावू नये असे शेतकऱ्याला सांगणे मला शोभणार नाही. परंतु आठ दिवस सलग नेऊ नयेत. शनिवार, रविवार आणि त्यांना जोडून एखादा दिवस न्यावा. तात्त्विक तास बुडाला तर वही मागून घेता येते, प्रॅक्टिकल बुडाले तर ते पुन्हा लावले जाईलच असे नाही, म्हणून प्रॅक्टिकलचा वार सोडून दिवस निवडावेत. जाण्याआधी मुलाने वर्गशिक्षकांना भेटून कारण सांगावे. ‘कापूस वेचायला जातो आहे’ हे कारण खान्देशातील कोणत्याही स्टाफरूममध्ये समजते. हजेरी साधारणपणे ७५ टक्के भरावी लागते आणि तिचा हिशेब मुलाने स्वतःच्या वहीत ठेवावा.

प्रश्न : धुळ्याच्या वसतिगृहात जागा मिळाली आहे. रॅगिंगची भीती वाटते. (साक्री तालुका)

उत्तर : महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करणे बंधनकारक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही निःशुल्क मदतवाहिनी चोवीस तास चालते. तो क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेव. नाव, गाव विचारणे ही ओळख आहे. रात्री उठवून रांगेत उभे करणे, पैसे किंवा जर्नल लिहून मागणे, जातीवरून अथवा बोलीवरून हिणवणे ही ओळख नव्हे. असे झाल्यास त्याच रात्री घरी सांग आणि सकाळी रेक्टरांकडे लेखी दे.

प्रश्न : मी बोदवडहून जळगावला रोज रेल्वेने अप-डाऊन करणार आहे. गाडी उशिरा आली की पहिला तास जाईल. जळगावला खोली घ्यावी का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : पहिल्या सत्रात खोली घेऊ नये, असे मी सुचवीन. घरचा डबा आणि वाचलेले भाडे यांचे मोल कमी नाही, आणि आपल्याला खरोखर किती वाजता निघणे भागते हे दोन महिने प्रवास केल्याशिवाय कळत नाही. वेळापत्रक हाती येताच पहिला तास कोणत्या विषयाचा आहे ते पाहा. तो प्रॅक्टिकलचा असेल तर तुकडी बदलून मिळते का, हे पहिल्याच आठवड्यात विचार, कारण तुकड्या एकदा पक्क्या झाल्या की प्राध्यापकांच्या हातात फारसे काही उरत नाही. अर्धा तास आधीची गाडी धरता येत असेल तर ती धर आणि उरलेला वेळ ग्रंथालयात काढ. सकाळी तेथे पंख्याखालची जागा मिळते.

पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते महाविद्यालय या प्रवासासाठी रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे, आणि अनेक मुली ती माहीत नसल्यामुळे पूर्ण पैसे भरतात. एस.टी.ने येणाऱ्यांसाठी मासिक विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते. ग्रामीण मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास बारावीपर्यंतच असल्यामुळे आता हाच पास नव्याने काढावा लागतो. दोन्हींसाठी महाविद्यालयाचे प्रमाणपत्र लागते. बोनाफाईडचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच दे, त्यावर घराजवळच्या स्थानकाचे नाव बरोबर लिहिले आहे की नाही ते खिडकीसमोरच वाचून पाहा, आणि दोन झेरॉक्स डब्याच्या पिशवीत नव्हे तर वहीत ठेव. पावसाळ्यात पिशवी भिजते.