पिस्तुलाचा धक्का आवरण्यासाठी मनगटांचा व्यायाम किती महिने करावा?

९ मिमी पिस्तूल झाडताना नळी उसळते आणि नेम बिघडतो, तर मनगटांचा व्यायाम किती महिने करावा, असे आपण विचारले आहे. सारा दोष मनगटांवर टाकणाऱ्या या समजुतीने माझे पाच महिने वाया गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शिकू लागले तेव्हा माझ्या गोळ्या नेहमी मधल्या वर्तुळाच्या खाली आणि डावीकडे लागत. ‘बायकांच्या मनगटात जोर नसतो,’ असे निदान प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात करून टाकले. मी रोज पहाटे डंबेल उचलले, तरी गोळ्या खालीच लागत राहिल्या. शेवटी एका ज्येष्ठ नेमबाज बाईंनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये दोन डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसे मिसळली. डमीची पाळी आली, मी चाप ओढला, गोळी सुटलीच नाही, आणि तरीही नळी बोटभर खाली झुकली. येऊ घातलेल्या धक्क्याला माझेच हात आधीच दाबायला निघाले होते. बाई म्हणाल्या, “मनगट राहू दे. आधी हात वर घे.”

गोळी नळीच्या रेषेत पुढे जाते आणि पिस्तूल त्याच रेषेत मागे येते. हात मात्र त्या रेषेच्या खाली असल्यामुळे पिस्तूल मागे येता येता वर फिरते. म्हणून अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी पिस्तुलाच्या मुठीच्या मागे, स्लाइडच्या (गोळी सुटताच मागे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) वाटेत न येता, जितकी वर नेता येईल तितकी न्यावी. मुठीवर उरलेली मोकळी जागा डाव्या तळव्याने भरावी, दोन्ही अंगठे लक्ष्याकडे ठेवावेत आणि डाव्या हाताची पकड अधिक घट्ट असावी, म्हणजे उजवी तर्जनी मोकळेपणाने चाप ओढू शकते. नळी उसळणारच, ती दर वेळी त्याच जागी परत आली की काम झाले.

जोराचा मुद्दा मला आजही पटत नाही. सुमारे ७.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि उसळी डोळ्यांना दिसण्याआधीच नळीबाहेर पडलेली असते. पहिलीच गोळी खाली लागत असेल, तर तो धक्क्याच्या धास्तीचा परिणाम असतो, आणि त्यावर डंबेल हा उपाय नाही. स्त्री असल्याचे कारण पुढे करून जो शिकवण्याचे टाळतो, त्याच्याकडे शिकूच नये.

मनगट ढिले सोडावे, असा याचा अर्थ नाही. ढिल्या मनगटामुळे स्लाइड पुरती मागे जात नाही आणि काडतूस अडकते. वर सांगितलेली पकड उजव्या हाताने झाडणाऱ्यांसाठी आहे. रिव्हॉल्व्हरवर अंगठे पुढे नेऊ नयेत, कारण सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीतून तप्त वायू बाहेर पडतो. ऑलिंपिकच्या २५ मीटर प्रकारांत दोन हातांची पकड चालत नाही, तिथे .२२ इंच व्यासाच्या गोळीचे पिस्तूल एकाच हाताने झाडतात आणि त्याचा धक्काही पुष्कळ सौम्य असतो.

डमी काडतुसे मात्र दुसऱ्याकडून भरून घ्यावीत. स्वतः भरली, तर ती कितवी आहेत हे आपल्याला ठाऊक असते आणि हात त्या वेळी शहाण्यासारखे वागतात.