रोमन नाणे : चौलचे की लिलावातले?

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांनी मला चौलच्या खाडीत सापडलेले म्हणून एक रोमन चांदीचे नाणे दाखवले. त्यावरील राजाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट आहे. ते पंधरा हजारांना घ्यावे, की परदेशी लिलावात स्वस्तात काही मिळेल?
– एक निवृत्त शिक्षक, रेवदंडा

उत्तर : चौल हे पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनातील ‘सेमिल्ला’ बंदर मानले जाते, त्यामुळे अशी कथा पटकन खरी वाटते. परंतु भारतात सापडलेली रोमन चांदीची नाणी बहुतांशी ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन रोमन सम्राटांची आहेत, कारण इ. स. ६४ मध्ये सम्राट नीरोने डेनारियस या रोमन चांदीच्या नाण्याचे वजन व चांदी दोन्ही घटवल्यावर येथील व्यापाऱ्यांना जुनी नाणीच अधिक पसंत असावीत. चांदीवरील किरणमुकुट बहुधा इ. स. २१५ मध्ये सम्राट काराकालाने सुरू केलेल्या ‘अँटोनिनियानस’ या नाण्यावर दिसतो. म्हणजे नाणे अस्सल असले तरी खाडीची कथा शंकास्पद आहे. आणि ती खरी असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार सापडलेल्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दोन्ही बाजूंनी हा व्यवहार टाळलेला बरा.

लिलावात स्वस्त नाणे मिळते, पण हातोडा पडतो ती किंमत अंतिम नसते. लिलावगृहाचे कमिशन वीस टक्के असेल, तर दहा हजारांची बोली बारा हजारांची होते, आणि टपाल व सीमाशुल्क वेगळेच. म्हणून आपली कमाल बोली हा सगळा खर्च वजा करूनच ठरवावी. कडेला शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले, तर नाणे ठशाने न पाडता साच्यात ओतलेले असण्याची शक्यता असते. चांदीच्या मुलाम्याखाली तांबे असलेली नाणी मात्र रोमन काळातही पाडली जात, त्यामुळे वजनाचा उल्लेख नसलेल्या नाण्यावर मी बोली लावत नाही.

माझ्या मते खरा लाभ झिजलेल्या नाण्यांत आहे. रोमन सेनापती मार्क अँटनीने इ. स. पू. ३२–३१ मध्ये सैन्यासाठी पाडलेल्या डेनारियसमध्ये चांदी कमी होती, लोकांनी चांगली नाणी साठवून ही खर्चात ठेवली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हातोहाती फिरून गुळगुळीत झाली. चकचकीत प्रत महाग असते. झिजलेलीकडे संग्राहक फारसे वळत नाहीत. तिच्या एका बाजूला वल्ह्यांचे युद्धगलबत असते, आणि रेवदंड्याच्या माणसाला वल्ही ओळखायला भिंग लागू नये.