अंतर तेच, मग जाताना आठ तास आणि येताना सात कसे?

प्रश्न : लंडन ते न्यूयॉर्क अंतर नेटवर साधारण 5,540 किमी दाखवतंय. विमान तासाला 900 किमी जातं म्हणतात, म्हणजे सव्वासहा तासांत पोचायला हवं. पण तिकिटावर जाताना आठ तास लिहिलेत आणि येताना सात! शिवाय नकाशात विमान सरळ न जाता वर वळसा घालून का जातं?

उत्तर : वळसा फक्त नकाशात आहे हो. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. ग्लोबवर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो आपोआप उत्तरेकडून जाईल आणि तोच सगळ्यात जवळचा रस्ता. याला ग्रेट सर्कल म्हणतात आणि वेबसाइट जे अंतर दाखवते ते हेच असतं. (कुठे 5,540, कुठे 3,440 आणि कुठे 2,990 दिसलं तर गोंधळू नका, किमी, साधे मैल आणि नॉटिकल मैल एवढाच फरक आहे.)

आता वेळ. खरी गंमत वाऱ्याची आहे. 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, आणि ते 900 किमी म्हणजे विमानाचा भोवतालच्या हवेतला वेग, जमिनीवरून मोजलेला नाही. समजा वारा ताशी 150 चा आहे, तर न्यूयॉर्कहून लंडनला येताना विमान जमिनीच्या हिशोबाने 1,050 ने पळतं आणि उलट जाताना तेच 750 वर येतं, म्हणून अटलांटिकवरचे रस्ते वाऱ्याचा अंदाज बघून रोज नव्याने आखतात, येताना वारा पकडायचा आणि जाताना चुकवायचा. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोचलं होतं, 4 तास 56 मिनिटं!

आणि तिकिटावरची वेळ नुसती उडण्याची नसते. गेटवरून विमान हललं की घड्याळ सुरू, ते पलीकडे गेटला लागेपर्यंत. त्यात रनवेपर्यंतची रांग आली, उतरायला नंबर लागेपर्यंत हवेत घिरट्या आल्या, शिवाय कंपन्या शेड्यूल सांभाळायला थोडी वेळ जास्तीच धरतात. तुम्हाला ढोबळ हिशोब करायचा तर अंतराला 850 ने भागा आणि वर अर्धा-पाऊण तास टाका. सुटायची-पोचायची वेळ मात्र त्या त्या गावची असते, सरळ वजाबाकी करू नका.

प्रश्न : हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तास लागायचे, आता तेरा. विमानं स्लो झाली का?

उत्तर : नाही नाही, रस्ता लांबला. 2022 पासून युरोपच्या बहुतेक विमानांना रशियावरून जाता येत नाही, मग दक्षिणेकडून तरी फिरून जा नाहीतर थेट उत्तर ध्रुवावरून. ग्रेट सर्कलचं अंतर अजून तेवढंच दिसेल, पण वेबसाइटला कुठलं आकाश बंद आहे याच्याशी काय देणंघेणं! फिनएअरने तर सुरुवातीला प्रवाशांना ध्रुवावरून उडाल्याचं सर्टिफिकेटही दिलं होतं.