आरशासमोरच बस

प्रिय मुली,

तू काढलेलं स्वतःचं चित्र परत पाहिलं. मधोमध तडकलेला चेहरा, डोळ्यांतून ओघळणारा तांबडा रंग. घरच्यांना सगळं कळेल ही तुझी भीती, आणि वर्गातले म्हणतात काहीच पोचत नाही. दोन्ही एकदम कसं, विचारतेस. अगं, तू सेल्फीवरून रंगवलंयस! सेल्फीत आपण आधी चेहरा लावतो, मग बटण दाबतो. त्या लावलेल्या चेहऱ्यावर तू नंतर दुःख चढवलंस.

आरशासमोर बस. तासभर कुणालाच चेहरा लावून धरता येत नाही. हळूहळू जबडा सैलावतो, एक खांदा उतरतो, ओठांचा एक कोपरा वेगळंच वागायला लागतो. तू जे लपवतेस ते तिथे असतं. तेवढंच रंगव.

मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो, तिचा दाखला नको. 1944 च्या त्या अंगभर खिळे ठोकलेल्या चित्रात अश्रू आहेत, मान्य. पण चेहरा कुठे वेडावाकडा झालाय? व्हॅन गॉगने 1889 मध्ये कानाला पट्टी बांधलेलं स्वतःला रंगवलं. कापलेला कान डावा, चित्रातला उजवा. म्हणजे समोर आरसा! एकात तर निवांत पाइप ओढतोय. फिनलंडची हेलेन शेर्फबेक ऐंशी ओलांडल्यावर स्वतःला रंगवत राहिली, एकेक गोष्ट गाळत पार कवटीपर्यंत.

घरात जागा नाही म्हणतेस. लालबागच्या आमच्या खोलीत तरी कुठे होती? कपाटाचा आरसा चालतो. मागून आई वाळलेले कपडे घेऊन गेली तर तिलाही येऊ दे चित्रात. ट्यूबलाइट मात्र बंद कर, खिडकीच्या उजेडात बस. पावसाळ्यात तेलरंग वाळत नाहीत ही तक्रार माझ्याकडे आणू नकोस. ओलं आहे तोवर पुसता येतं.

‘तुम्ही तर जन्मभर फोटोवरूनच पोर्ट्रेट केलीत,’ म्हणशील. केली. शेठजींचे दिवंगत वडील आरशासमोर कुठून बसवायचे होते? त्यावर घर चाललं, मुली शिकल्या, हाताला सफाई आली ती त्यातूनच. स्वतःला रंगवायचं मात्र राहिलं, आणि आता नजर साथ देत नाही. असो, ते काम वेगळं होतं. तुझं वेगळं आहे. तू आरशासमोरच बस.

आणि घरच्यांनी ओळखलं तर ओळखू दे. तुझ्या आईला तू गप्प का असतेस हे आजही ठाऊक असेल.

झालेलं दाखवायला आण, ओलं असलं तरी चालेल. फक्त संध्याकाळच्या लोकलने येऊ नकोस, कुणाच्या तरी शर्टाला लागेल.

तुझा,
काका